वही बघितली की रडतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, नर्सरीत जातो. वन टू फिफ्टी धडाधड म्हणतो पण समोर पाच बिस्किटं ठेवली की कधी सात म्हणतो कधी तीन. शाळेतून स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइनची पानं भरून आणायला सांगतात आणि हा वही बघितली की रडायलाच लागतो. ऑनलाइन एक अ‍ॅक्टिव्हिटी किट बघितलंय, महाग आहे जरा, घेऊ का? आम्ही दोघंही जॉबला, दिवसभर सासूबाईंजवळ असतो तो.
– एक आई, नाशिक

उत्तर : अगं, नको घेऊस किट! 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं गावात परवडणार नव्हती, मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांनी मुलांच्या हातात दिलं. तुझ्याकडे तर अख्खं स्वयंपाकघर आहे.

वन टू फिफ्टी त्याच्यासाठी सध्या गाणंच आहे गं, एका वस्तूला एकच आकडा हे अजून डोक्यात बसायचंय. रात्री पानं घ्यायचं काम त्याला दे. 'ही आजीची वाटी, ही बाबांची' करत एकेक आणू दे, मध्येच एक कमी पडली तर गप्प बस, त्याचं त्यालाच कळतं आणि पळत जाऊन आणतो. आपल्यालाच राहवत नाही, लगेच 'अरे चार हवेत ना' म्हणून मोकळे होतो.

आता लिहिण्याचं. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पूर्ण तयार झालेली नसतात, मग पानभर रेघा ओढून हात दुखणार नाही तर काय. त्यापेक्षा मटार सोलायला बसव, शेंगेचं टोक मोडायचं, अंगठ्याने दाबून फोडायची, एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा, पेन्सिल धरायला लागतात तीच बोटं इथे कामाला लागतात. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, कणकेच्या गोळ्या वळणं, हेही तेच. पसारा होईल, चालवून घे.

फक्त चिंचोके, शेंगदाणे, मणी असलं काही दिलंस तर कुणीतरी समोर बसलेलंच पाहिजे, मुलं सरळ नाकात घालतात. सासूबाईंना हे आवर्जून सांग, बाकी त्यांना शिकवायला जाऊ नकोस, निवडणं-पाखडणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं.

बाईंना भेटून सरळ विचार की पानं नाही भरली तर चालेल का. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही या वयाला खेळातूनच शिकवा म्हणतंय, त्यामुळे बिचकू नकोस. आणि त्यालाच कधी हुक्की आली लिहायची तर खडूचा अगदी छोटा तुकडा दे, तो मुठीत धरताच येत नाही, आपोआप बोटांच्या चिमटीत येतो. फरशीवर गिरवू दे काय हवं ते.