पॅरामॅटा की पेनरिथ: वेस्टमीडला नव्याने आलेल्या सदस्यास उत्तर (सप्टेंबर 2022)

आपण विचारले आहे की, चार महिन्यांपूर्वी पुण्याहून सिडनीतील वेस्टमीडला राहायला आल्यानंतर या आठवड्यात अचानक दुकानांवर निळे-पिवळे झेंडे का लागले, कार्यालयातील एरवी शांत असणारी माणसे पॅरामॅटा आणि पेनरिथ यांच्यातील रग्बी लीगच्या अंतिम सामन्याविषयी इतकी हळवी का झाली आहेत, आणि रविवारी आपण नेमकी कोणाची बाजू घ्यावी. मी 2003 साली पेनरिथजवळ राहायला आलो आणि गेली काही वर्षे पॅरामॅटाजवळच्या टूंगॅबीला आहे, त्यामुळे दोन्ही घरचे मीठ खाल्ले आहे. (निळा-पिवळा हे पॅरामॅटाच्या संघाचे, म्हणजे ईल्सचे रंग. त्यांनी आमच्याकडे गोंधळही झाला. काल बुधवार, म्हणजे नवरात्रीचा निळा रंग. पत्नी निळा कुर्ता आणि पिवळी ओढणी घेऊन स्टेशनवर उभी होती, तर एका अनोळखी आजोबांनी 'गो ईल्स' म्हणून तिचे अभिनंदनच केले.)

पॅरामॅटा आणि पेनरिथ ही दोन्ही ठिकाणे पश्चिम सिडनीत, एकाच लोहमार्गावर, एकमेकांपासून सुमारे 30 किलोमीटर अंतरावर आहेत. पॅरामॅटाच्या नावाचा संबंध नदीतील वाम माशांशी आहे आणि संघाचे ईल्स हे नावही त्यावरूनच आले आहे. पेनरिथ निपियन नदीकाठी, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी वसलेले असून तेथील संघ पँथर्स म्हणवतो. पॅरामॅटाचा क्लब 1947 पासून या स्पर्धेत आहे, तर पेनरिथचा 1967 पासून. समुद्राकडचे श्रीमंत सिडनी आपल्याला हलके लेखते, ही दोघांचीही जुनी तक्रार आहे, आणि पूर्वेकडचा एखादा संघ समोर असला की ती तक्रार कामी येते. या वेळी ती सोय नाही, कारण अंतिम सामन्यात हे दोन क्लब समोरासमोर येण्याची ही पहिलीच वेळ आहे. याला मी वैर म्हणणार नाही, भाऊबंदकी म्हणेन. पॅरामॅटाचे रेगन कॅम्पबेल-गिलार्ड आणि वाका ब्लेक हे दोघे पूर्वी पेनरिथकडूनच खेळत होते, आणि माझ्या ओळखीच्या दोन घरांत तर बाप एका संघाचा आणि लेक दुसऱ्या संघाची आहे.

आपल्याला जो हळवेपणा जाणवला, तो मुख्यतः पॅरामॅटाचा आहे. या क्लबने 1981, 1982 आणि 1983 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. पहिल्या विजयाच्या रात्री तर चाहत्यांनी आनंदाच्या भरात आपल्याच कंबरलँड ओव्हल मैदानाचा जुना स्टँड जाळून टाकला. 1986 मध्ये कँटरबरीविरुद्ध एकही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) न झालेला अंतिम सामना त्यांनी 4-2 असा जिंकला, त्यांचे दिग्गज खेळाडू रे प्राइस आणि मिक क्रोनिन यांनी त्या दिवशी निवृत्ती घेतली, आणि त्यानंतर आजतागायत, म्हणजे 36 वर्षे, एकही विजेतेपद आलेले नाही. 2001 मध्ये न्यूकॅसलकडून हार झाली आणि 2009 मध्ये मेलबर्नकडून. माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांच्या फ्रिजवर 2009 च्या सामन्याचे तिकीट अजून चुंबकाखाली अडकवलेले आहे. त्या वर्षी मेलबर्नने खेळाडूंच्या एकूण वेतनावरील मर्यादेचे नियम मोडल्याचे पुढच्या वर्षी उघड झाले आणि त्यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले, परंतु ते पॅरामॅटाला मिळाले नाही. त्या वर्षाच्या रकान्यात कोणाचेच नाव नाही. हे गृहस्थ या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत पावसापासून पेट्रोलच्या दरापर्यंत सर्व विषयांवर बोलतात, मात्र रविवारचा विषय निघाला की डबा उचलून उठतात. दृष्ट लागेल या भीतीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण ती भीती मी ओळखतो.

पेनरिथकडची मंडळी याउलट निवांत दिसतील. त्यांचा संघ 2020 मध्ये अंतिम सामना हरला, 2021 मध्ये जिंकला आणि यंदा साखळीत अव्वल राहिला. तरीही त्यांची भूक भागली आहे असे समजू नये. गेल्या वर्षीचा सामना साथीमुळे ब्रिस्बेनला झाला आणि पेनरिथचे लोक टाळेबंदीमुळे आपल्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसून होते. चषक आपल्या शहरात, आपल्या डोळ्यांदेखत उचललेला पाहण्याची त्यांची इच्छा तशीच राहिलेली आहे.

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू असतात, चेंडू हाताने फक्त मागे देता येतो, आणि सहा वेळा पकड झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणून पाच पकडी होताच बहुधा चेंडू लाथेने पुढे मारला जातो. माझ्या मते रविवारचा सामना या लाथेवरच ठरेल. पेनरिथचा नेथन क्लीअरी (त्याचे वडील आयव्हन हेच प्रशिक्षक आहेत) चेंडू इतका उंच आणि असा डुलत्या गतीने मारतो की खाली उभ्या असलेल्या खेळाडूला तो शेवटपर्यंत उमगत नाही. बाद फेरीच्या पहिल्या आठवड्यात याच दोन संघांच्या सामन्यात ब्लेकच्या हातून असे चेंडू निसटले आणि पेनरिथने 27-8 असा विजय मिळवला. पॅरामॅटाचे बळ वेगळे आहे: ज्युनियर पावलोसारखे धिप्पाड खेळाडू पकडीत सापडल्यावरही एक हात मोकळा ठेवून चेंडू साथीदाराकडे सोडतात, आणि ते साधले की पेनरिथची शिस्तबद्ध फळीही विस्कटते. यंदा साखळीत त्यांनी पेनरिथला दोनदा हरवले आहे. त्यांपैकी दुसऱ्या सामन्यात क्लीअरीला सुरुवातीलाच मैदानाबाहेर काढले गेले होते, त्यामुळे तो विजय मी अर्धाच धरतो. पहिला मात्र पेनरिथच्या घरच्या मैदानावरचा, 22-20 असा, आणि निर्विवाद होता.

तेव्हा जिंकेल कोण, असे विचाराल तर पेनरिथ. बाजू कोणाची घ्यावी, असे विचाराल तर वेस्टमीडकरांनी पॅरामॅटाचीच. ज्या गावचे पाणी पितो त्या गावचा झेंडा धरावा. मुलांना सामन्याला नेण्यास हरकत नाही. दुपारी त्याच मैदानावर महिलांचा अंतिम सामना आहे आणि त्यातही पॅरामॅटाचा संघ न्यूकॅसलविरुद्ध खेळत आहे. चषक मुलांना अवश्य दाखवा: 1963 च्या अंतिम सामन्यानंतर चिखलाने माखलेला धिप्पाड नॉर्म प्रोवन आणि ठेंगणा आर्थर समन्स हे दोन प्रतिस्पर्धी कर्णधार एकमेकांना भेटले, त्या क्षणाच्या छायाचित्रावरून तो घडवला आहे. मोटार घरीच ठेवून रेल्वेने निघावे, लिडकमला गाडी बदलावी आणि मैदानासाठी ऑलिम्पिक पार्कला उतरावे. परतायला उशीर होईल, पण शाळांना सुट्टी आहे आणि सोमवारी कामगार दिनाची रजाही आहे.

एक गोष्ट विसरू नका. रविवारी, 2 ऑक्टोबरला पहाटे, येथील घड्याळे एक तास पुढे जातात. सामना संध्याकाळी साडेसातला आहे. पुण्यात आई-वडील पाहणार असतील तर त्यांना दुपारचे दोन सांगा, तीन नव्हे.