पंधरा ओहमच्या स्पीकरला अँप्लिफायर कोणता?

प्रश्न : सर, मामांनी लंडनहून आणलेले बीबीसी डिझाइनचे एलएस३/५ए स्पीकर (जुने, १५ ओहमचे, म्हणजे विजेला तेवढा विरोध करणारे) मला मिळालेत. खोली १२ बाय १४ फूट, ऐकणं मुख्यतः ख्याल. दुकानदार ८ वॅटचा महागडा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप्लिफायर गळ्यात मारतोय. मित्र म्हणतो, २०० वॅटचा घे. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. हे स्पीकर आवाजाला कंजूष. १ वॅट दिला की मीटरभर अंतरावर जेमतेम ८३ डेसिबल. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३. म्हणजे ८ वॅटला ९२ च्या आसपास. विलंबित निभेल, पण द्रुतात तबल्याची थाप पडली की आवाज फाटणार. उलट २०० वॅटच्या जोरात एखादा हात चुकून नॉबवर गेला, तर पाच इंची वूफरचं (खर्जाचा आवाज देणाऱ्या पडद्याचं) काही खरं नाही. घरात नातवंडं असतील तर विचारूच नका!

माझं मत ईएल३४ जातीच्या व्हॉल्व्हच्या, ३० वॅटच्या पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीनं आळीपाळीनं काम करतात अशा) अँप्लिफायरला. मात्र मागे १६ ओहमचं टर्मिनल (स्पीकरची वायर जोडायची जागा) आहे ना, ते स्वतः बघा; तुमच्या १५ ओहमला तेच जुळतं. बऱ्याच मॉडेलांत ४ आणि ८ च असतात. ट्रान्झिस्टरचा घ्यायचा तर ८ ओहमला ८०-१०० वॅटवाला घ्या, १५ ओहमला त्याचे निम्मेच उरतात. सोबत भारी वायर दाखवतील, ती नको. त्या पैशांत चांगले स्टँड घ्या, हे स्पीकर कपाटात कोंबायचे नाहीत.