द्राक्षांवरच्या औषधांचे सरकारी नियम फक्त निर्यातीच्या मालालाच असतात का?

नाही, नाशिकच्या बाजारातल्या द्राक्षांनाही औषधांच्या अवशेषांची मर्यादा असते, ती एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्नसुरक्षा संस्था, ठरवते. खरा फरक तपासणीत आहे. पिंपळगावकडे आमची बाग आहे, माल दोन्हीकडे जातो. युरोपला पाठवायचा तर ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत, प्लॉटनिहाय नोंदणी लागते आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. नापास झाला की तो प्लॉट तिकडे जात नाही. लोकलच्या क्रेटला एवढं कुणी विचारत नाही, बाजारातून नमुने उचलले तर उचलले. शेवटच्या फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे, औषधाच्या लेबलवरचे दिवस पाळायचे की नाही, हे मग बागायतदारावरच. मात्र मण्यावरचा पांढुरका, बोटाने पुसला जाणारा थर बहुतेकदा द्राक्षाचं नैसर्गिक मेण असतं, औषध नव्हे.