जेजुरीला काढलेल्या फोटोंत भंडाऱ्याचा पिवळा फिका येतो. कोणता प्रिसेट (रंग बदलणारी तयार सेटिंग्ज) वापरू?

कोणताही नाही. बिघाड बटण दाबतानाच झालेला असतो, त्यावर नंतर प्रिसेट लावणं म्हणजे जळक्या भाजीत साखर घालणं.

तुम्ही लिहिलंय: साधा डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स, जेपेग, सगळं ऑटोवर. तिथे सोन्यासारखा दिसलेला भंडारा घरी येऊन पाहिला तर बेसनाच्या पिठासारखा, आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की माणसांना कावीळ झालेली. येत्या सोमवती अमावस्येला परत जायचंय. ठीक आहे.

पहिला चोर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची कॅमेऱ्याने आपोआप केलेली भरपाई. फ्रेममध्ये एकच रंग माजला की कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो निळा मिसळून ‘दुरुस्ती’ करतो. भंडारा फिकटतो आणि काळ्या दगडाच्या पायऱ्या निळसर होतात. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विन, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलवू नका. सकाळचं ऊन मुळातच सोनेरी असतं, ते तसंच उतरू दे. सावलीत उजेड आकाशाचा, म्हणून तिथला दगड निळसर येईल. येऊ दे. त्या निळ्याशेजारीच पिवळा पेटतो. ऑटो नेमकी हीच जोडी मोडतो.

दुसरी गोष्ट पिवळ्याच्या स्वभावाची. लाल रंग अंधारात गेला तरी लालच राहतो. पिवळ्याला ती सोय नाही. गडद पिवळा असा रंगच नसतो, तो मातकट, शेणकट, खाकी होतो. म्हणजे पिवळा उजळच हवा. पण जास्त उजळ केला तरी मरतो. हळदीच्या पिवळ्यात लाल सगळ्यात जास्त, हिरवा त्याखाली, निळा जवळजवळ नाहीच. एक्स्पोजर वाढलं की लाल आधी छताला टेकतो, हिरवा मात्र चढत राहतो. दोघांतलं अंतर मिटलं की हळदीचं लिंबू होतं. पांढऱ्या एका रेषेचा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) तेव्हाही ‘सगळं ठीक’ सांगत असतो. कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम लावा आणि फक्त लाल आलेख बघा. तो उजव्या भिंतीच्या जवळ असावा, भिंतीला चिकटू नये. पिक्चर स्टाइल (जेपेगचा रंगढंग) न्यूट्रल ठेवा, नाहीतर रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असलात तरी हिस्टोग्राम त्या झगमगीत जेपेगचाच दिसतो.

आता मुद्द्याचं: उजेड कुठून येतोय. यावर माझं डोकं तापतं, त्याचं कारणही सांगून टाकतो. जेजुरीचाच एक फोटो एका स्पर्धेत दिला होता. परीक्षक म्हणाले, “हा पिवळा कॅमेऱ्यात येत नाही, कॉम्प्युटरवर ओतलाय.” रॉ फाइल दाखवतो म्हटलं, तर बघायलाही तयार नाहीत. तर तो फोटो कसा काढला ते पायरीपायरीने लिहितो. जमलं तर सोमवतीला हेच करून बघा.

वेळ सूर्य उगवून तासभर झालेली. जागा गडावरचं देवळासमोरचं अंगण. अंगणाभोवती ओवऱ्या आहेत. पूर्वेच्या ओवऱ्यांची आतली बाजू सकाळी पूर्ण सावलीत असते, म्हणजे काळा पडदा आयता मिळतो. पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. उधळलेला भंडारा त्या काळ्यासमोर येतो आणि सूर्य त्याच्या मागे. बारीक पूड उजेड पुढच्या दिशेने जास्त फेकते, त्यामुळे समोर सूर्य असला की ढग आतून दिवा लावल्यासारखा पेटतो. तोच ढग सूर्य पाठीशी घेऊन काढलात की पिवळट धुकं, मागची माणसंही पुसट. तुमचे फोटो सगळे असेच असणार, पैज लावतो. कारण ‘सूर्य पाठीमागे ठेवा’ हे आपल्याकडे प्रत्येक काकांनी प्रत्येक पुतण्याला शिकवलेलं असतं.

सूर्य फ्रेममध्ये घ्यायचा नाही. खांबाआड किंवा कमानीआड लपवायचा. लेन्सला हूड हवाच, नसेल तर डाव्या हाताचा पंजा काचेवर ऊन पडणार नाही असा वर धरायचा. तिरकं ऊन काचेवर पडलं की काळा करडा होतो, आणि काळा गेला की पिवळ्याची धार गेली. यूव्ही फिल्टरवर भंडारा बसलेला असेल तर हे दुप्पट होतं, म्हणून दर थोड्या वेळाने ब्लोअर मारायचा.

मीटरवर विसंबायचं नाही, मोड एम (मॅन्युअल). मीटर समोरचं सगळं सरासरी करड्यावर आणू बघतो. पिवळ्या अंगणाकडे रोखला तर दाबून टाकतो, काळ्या ओवरीकडे रोखला तर उजळून ठेवतो. एकाच जागी नुसती मान वळवली की चूक उलटी होते. त्यापेक्षा उन्हात फरशीवर पडलेल्या भंडाऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त त्या ठिपक्याचा उजेड मोजणं) करायचं आणि त्याहून एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायचा. त्या दिवशी आयएसओ २००, एफ/५.६ला सुरुवात १/५००ने झाली. पहिल्याच उधळणीत लाल आलेख भिंतीला चिकटला, ढगाचा मधला भाग लिंबू. मागून उजळलेला ढग फरशीवरच्या भंडाऱ्याहून झगझगीत असतो, हे मोजमापात धरलं नव्हतं. १/१००० केलं आणि लाल जागेवर आला. १/१०००ला कणही सुटे दिसतात. ओघळ हवा असेल तर १/६०, पण मग एवढ्या उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ लागेल, किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच).

माणसांच्या चेहऱ्यावर हनुवटीखालून पिवळी झाक येते. ती चूक नाही. भंडाऱ्याने माखलेली फरशी हाच रिफ्लेक्टर आहे, फुकटचा. ती झाक काढायला गेलात की चेहरा त्या जागेचा राहत नाही, पासपोर्ट फोटोचा होतो. सबंध फ्रेमचं सॅच्युरेशन वाढवल्याने होते ती कावीळ वेगळी. तिच्यात डोळ्यांचे पांढरे आणि दातही पिवळे होतात.

आणि ‘ओतलेल्या’ रंगाचा हिशेब: त्या फाइलमध्ये टेम्परेचर ५३००, ब्लॅक्स उणे १५, सॅच्युरेशन उणे ८. उणे! ओतला नाही, काढला. कारण एसआरजीबीमध्ये (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात) इतक्या गडद हळदीचा निळा चॅनल शून्यावर जाऊन बसतो, मग ढगातले कण, कपड्याची वीण सगळं लिंपल्यासारखं सपाट दिसतं. सॅच्युरेशन थोडं उतरवलं की पोत परत येतो, आणि मागे काळं असल्यामुळे डोळ्याला पिवळा तेवढाच भडक वाटतो. छायाचित्रकार रघुबीर सिंग कोडाक्रोम स्लाइडवर (पारदर्शक रंगीत फिल्मवर) रंगीत भारत टिपत होते. स्लाइडवर अर्धा स्टॉप चुकला तरी दिसतो, आणि नंतर ओढायला स्लायडरही नव्हता. कॅमेऱ्यात रंग येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तरी स्लाइड उजेडासमोर धरून बघायला हवी होती.

फ्लॅश बंद. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्ससमोरच्या कणांवर आपटून परत येतो आणि फोटोभर गोल ठिपके पडतात. पोर्ट्रेट मोडही नको, त्याला पूड आणि माणूस यांच्या कडा कळत नाहीत. मोबाईलच असेल तर उजळ भंडाऱ्यावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५००, एचडीआर बंद करता येत असेल तर बंद. एचडीआर तुमची काळी ओवरी उजळून देतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

हे सगळं उन्हाच्या दिवसाचं, हे आधीच सांगायला हवं होतं. सोमवती तिथीने येते, पावसाळ्यात पडली आणि आभाळ भरलं असेल तर ढग पेटवायच्या भानगडीत पडू नका. त्या मऊ उजेडात भंडाऱ्याने माखलेले चेहरे, हात, दीपमाळेचा दगड जवळून काढा, व्हाइट बॅलन्स ६००० ते ६५००. तेव्हा पिवळा शांत पण स्वच्छ येतो, आणि एखादवेळी थोडं सॅच्युरेशन वाढवावंही लागतं. (हो, मीच म्हणतोय.) शिवाय विकत मिळणारा सगळा भंडारा शुद्ध हळद नसतो. कृत्रिम रंगाच्या पुडीचा पिवळा मुळातच लिंबाकडे झुकलेला असतो, त्याला कोणतंही सेटिंग हळद करू शकत नाही.

लेन्स अंगणात बदलू नका, एकदाही नाही. बॉडीला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड लावा, काचेपुढे भोक ठेवून. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, ओलं फडकं सगळ्यात शेवटी. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोल असलेल्या लेन्स क्लीनरने निघतो. कॅमेऱ्याचा पट्टा साबणाने धुतलात आणि लाल झाला तर घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू होतं तसंच ते आहे. नीट खळबळून दोन दिवस कडक उन्हात टाका, डाग उडतो.