दान करायचंय ना, मग आधी वाटा कुणाचा ते बघ

बाळा,

तुझा मेसेज वाचला. बोनसमधून दिंडीला एका दिवसाचं जेवण द्यायचंय आणि कमी पडले तर क्रेडिट कार्ड आहेच, असं लिहिलंयस. तुझ्या वयात हे सुचतंय याचं खरंच मन भरून कौतुक वाटलं. पण कार्डावर अन्नदान नको करूस. हप्ते सुरू झाले की घरातच चणचण होणार, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय हे पण त्याच मेसेजमध्ये तूच लिहिलंयस.

तुकोबांचं बघ. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, त्यात पहिली बायको गेली, धंदा बसला, आणि नंतर त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपल्याला शाळेपासून माहितीये. पण त्याच्या आधी काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. धाकटे भाऊ कान्होबा, त्यांचा त्या खतांत अर्धा वाटा होता, तो आधी त्यांना वेगळा काढून दिला आणि मग फक्त आपल्या वाट्याचे कागद नदीत सोडले, अशी परंपरेत कथा आहे. भावाच्या हिश्शाला हात नाही लावला! मला तर ते बुडवण्यापेक्षा हे जास्त अवघड वाटतं, कारण भक्तीच्या भरात माणूस घरच्यांचं पण आपलंच समजून देऊन टाकतो. पुढे संसाराची सगळी ओढाताण त्यांच्या दुसऱ्या बायकोने, जिजाईने सोसली, तिचं देणं पण त्यातच धरायला हवं. म्हणून म्हणतो, घरी आधी विचार.

दुसरं म्हणजे बॅनरवर नाव टाकायचं का असं विचारलंयस. नको टाकूस. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या, लोक त्यांच्या शब्दावर पैसा ओतत होते, पण बाबा मात्र हातात खापर घेऊन भाकरी मागून खायचे, आपल्या घरच्यांना पण त्या पैशाला शिवू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊनच टाकली. एवढी खटपट करून बांधलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि आपण पुन्हा झाडू घेऊन पुढच्या गावाला, हे मनापासून जमायला फार मोठी श्रद्धा लागते रे.

आणि पैसे कमी असले तर वाईट नको वाटून घेऊस. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते ना, तिथे गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात. भाकऱ्या घराघरातून येतात, मंदिरात मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं, आणि कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या ताटात गेली हे कुणालाच कळत नाही. ज्या बाईकडे द्यायला पैसा नाही ती पण चुलीपुढे बसून घाम गाळते, आणि तिचं दान माझ्या हिशेबात कुठल्याही देणगीदारापेक्षा कमी नाही.

तर आता असं कर. आईच्या ऑपरेशनचे पैसे बाजूला काढ, मग बोनसमधलं जे उरेल त्यातलं थोडं स्वतःला टोचेल इतकं दे. फोन बदलायचा होता ना, तो राहू दे वर्षभर. एका दिवसाचं जेवण नाही झालं तर एका वेळचा चहा दे, दिंडीवाल्यांना तो पण लागतोच. आणि दोन दिवस सुट्टी काढून ये, वाढायला माणसं नेहमी कमी पडतात. आईशी बोलणं झालं की रात्री फोन कर.

तुझा काका