अबार्थ पुंटो : टर्बोच्या आधी टायर

प्रश्न : मी गेल्या वर्षी २०१६ सालची फियाट अबार्थ पुंटो सेकंड-हँड घेतली असून ती आजवर ७२,००० किलोमीटर धावली आहे. इंजिनाचे रीमॅपिंग, १७ इंची अलॉय चाके, बकेट सीट आणि स्पोर्ट्स स्टिअरिंग हे सारे दीड लाखात करून देण्यास एक गॅरेज तयार आहे. सुरुवात कशापासून करावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेल्या आपल्या गाडीचे १३६८ सीसीचे टी-जेट इंजिन मुळात १४५ अश्वशक्ती देते. युरोपात याच घराण्यातल्या इंजिनाच्या अबार्थ ग्रांदे पुंटोची शक्ती १५५ होती आणि खुद्द कंपनीचे 'एस्सेएस्से' किट बसवल्यावर ती १८० पर्यंत जाई; म्हणजे इंजिनात वाव आहे. मात्र लाकडी खोक्यात बंद होऊन येणाऱ्या त्या किटमध्ये पुढच्या ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि स्प्रिंगाही असत. आपल्या गॅरेजच्या यादीत ब्रेकचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला खटकले.

रीमॅपिंगमध्ये ईसीयूमधील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, प्रोग्रॅम बदलून टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब, पेट्रोलचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ नव्याने ठरवली जाते. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढली आणि पेट्रोलला ती सोसली नाही, तर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट, सुरू होते; मग ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, विकत घेतलेली शक्ती निघून जाते आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टनवर बेतते. म्हणून आधी चारही सिलिंडर दाब नीट धरतात का हे पाहणारी कॉम्प्रेशन चाचणी करा, टर्बोच्या नळ्या कुठे गळतात का ते तपासा आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती सापडत नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून चाला. क्लचची परीक्षा घरीही होते : मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, इंजिन २००० आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपाट्याने चढला आणि गाडीचा वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे. तो वाढीव टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलणार नाही. मॅप, म्हणजे हा नवा प्रोग्रॅम, ९५ ऑक्टेनच्या (नॉकिंग अधिक सोसणाऱ्या) पेट्रोलसाठी केला, तर पुढे कायम तेच पेट्रोल भरावे लागेल. ईसीयूच्या मूळ फाइलची प्रत मागून घ्या, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा सल्ला कुणी दिलाच तर तिथून उठून या.

खरी फसगत चाकांत होते. पुंटोच्या चाकाचे चार बोल्ट ९८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, तर बाजारात सर्रास मिळणारी चाके १०० मिलिमीटरची. फरक इतका थोडा, की पाना जोर लावून फिरवला की चाक 'बसते'. पण ते मधोमध नसते, बोल्टवर तिरका ताण येतो आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरू लागते. आपण मूळच्या १९५/५५ आर१६ टायरऐवजी (रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) २०५/४५ आर१७ घेतल्यास बाहेरचा व्यास जवळपास तोच राहील, परंतु टायरची भिंत १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येईल, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत त्या १५ मिलिमीटरची किंमत रिमला मोजावी लागते. मी १६ इंचीच ठेवीन.

स्टिअरिंग बदलू नका; त्यासोबत चालकाची एअरबॅग जाते. बकेट सीट रोजच्या वापरात चढउताराला त्रासदायक असते, शिवाय सीटबेल्टचा कोन बिघडतो. मूळ सीटांना चांगले कव्हर शिवून घ्या, तेवढे पुरे.

कायद्याचेही पाहावे लागेल. आरसीवरील नोंदींशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीपासून बदल लपवला, तर दाव्याच्या वेळी वाद ठरलेलाच.

सुरुवात टायरपासून करा. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. आपल्या टायरवर असे जुने वर्ष निघाले, तर दीड लाखातला पहिला खर्च नव्या टायरांचा, दुसरा ब्रेक-पॅड आणि ब्रेक-ऑइलचा. रीमॅपिंगचा विचार त्यानंतर.