क्लासरूम बंद करू की डिलीट?

प्रश्न: सेमिस्टर संपलं, मार्क भरून झाले. गूगल क्लासरूममध्ये जुन्या वर्गांची नुसती गर्दी झालीय. सरळ डिलीट मारू का? – एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर: मॅडम, डिलीटला हातच लावू नका! एकदा उडालेला वर्ग परत येत नाही, आणि कॉलेजला दर्जा देणारे नॅकवाले तपासणीला आले की शिकवल्याचा पुरावा कुठून काढणार? त्यापेक्षा अर्काइव्ह करा, म्हणजे वर्ग समोरून जातो, मुलांना जुनं सगळं दिसतं पण नवीन काही सबमिट करता येत नाही, आणि तुम्हाला वाटलं तर रिस्टोअर करता येतं.

पण त्याआधी सगळ्या असाइनमेंट ‘रिटर्न’ करा, म्हणजे मुलांना परत द्या. हे बरेच जण विसरतात. मुलाने गूगल डॉक सबमिट केलं की त्याची मालकी तुमच्याकडे येते आणि रिटर्न करेपर्यंत त्याला त्यात एडिट करता येत नाही, मग बिचारा प्रोजेक्ट रिपोर्टसाठी सुट्टीत तुम्हालाच फोन करत बसतो.

मार्क लॅपटॉपवरून शीटमध्ये कॉपी करून घ्या, आणि जमलं तर एक प्रिंटही काढा, ऑफिसला कागदच लागतो. कॉलेजचा ईमेल आयडी सुटणार असेल, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असाल तर विशेष, तर आपल्या नोट्स आणि व्हिडिओ आत्ताच पर्सनल ड्राइव्हवर घ्या.